खडखडाट, मोटारगाडीचा
मोटारगाडी संथ जात असता तिच्या सैल वा झिजलेल्या भागांतून उठणारा आवाज. वेग वाढताच तो टायर व वारा यांच्या आवाजात बुडतो. दोष मात्र राहतो. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे तीवरील रस्ते उंचसखल होऊन चाकांच्या जोडण्यांना सतत हादरे बसतात. गाडी उभी असतानाही आवाज येत असल्यास सायलेन्सरचे पत्रे व पट्टे तपासावेत. ब्रेक हलका दाबताच तो थांबल्यास ब्रेकपॅड सैल असण्याचा संभव असतो. केवळ खड्ड्यांत येणारा आवाज बहुधा स्टॅबिलायझरच्या झिजलेल्या बुशांचा असतो. शॉक ॲब्सॉर्बर बदलण्याची घाई बरेचदा व्यर्थ ठरते. मात्र बॉल जॉइंटही असाच वाजतो व तो निखळल्यास चाक कोलमडते. म्हणून पुढचे चाक जॅकवर उचलून, वरखाली हलवून, त्यातील ढिलेपणा सर्वांआधी पाहावा.