माहिती ग्राहकाची, जबाबदारी कोणाची?

बँकेत खाते उघडताना, विमानाचे तिकीट काढताना किंवा मोबाइलचे सिमकार्ड घेताना ग्राहक आपले नाव, पत्ता, जन्मतारीख आणि ओळखपत्राची प्रत निमूटपणे देऊन टाकतो. ही माहिती पुढे कोठे साठवली जाते, कोणाकोणाच्या हाती पडते, याची त्याला कल्पना नसते. ती चोरीला गेली, की कंपनी एक पत्रक काढून दिलगिरी व्यक्त करते आणि पासवर्ड बदलण्याचा सल्ला देते. पासवर्ड बदलता येतो. जन्मतारीख बदलता येत नाही. मग या हानीची भरपाई कोणी करायची? भारतात या प्रश्नाचे थेट उत्तर देणारे कलम २००९ मध्ये अमलात आले. आता नव्या कायद्याने तेच रद्द करण्याचे ठरवले आहे.

पुण्यातील धडा

या विषयाची देशात गांभीर्याने चर्चा सुरू होण्यास पुण्यातील एक घटना मोठ्या प्रमाणावर कारणीभूत ठरली. एम्फसिस कंपनीच्या पुण्यातील बीपीओ केंद्राशी संबंधित काही तरुणांना एप्रिल २००५ मध्ये अटक झाली. सिटी बँकेच्या अमेरिकेतील ग्राहकांकडून पिन क्रमांक मिळवून त्यांनी सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यातील खात्यांत वळवल्याचा आरोप होता. त्यासाठी कोणतीही संगणकीय तटबंदी फोडावी लागली नव्हती. ग्राहकांनी विश्वासाने सांगितलेली माहितीच चोरीचे साधन बनली होती.

त्या वेळी गुन्हेगाराला शिक्षा करण्यापुरता कायदा होता. माहिती सांभाळणाऱ्या कंपनीच्या हलगर्जीपणाबद्दल मात्र तो जवळजवळ मूक होता. २००८ च्या दुरुस्तीने माहिती तंत्रज्ञान कायद्यात ‘४३ अ’ हे कलम घालण्यात आले आणि ऑक्टोबर २००९ पासून ते अमलात आले. संवेदनशील माहितीच्या सुरक्षेत कंपनीने हयगय केली आणि त्यामुळे कोणाचे नुकसान झाले, तर कंपनीने त्या व्यक्तीला भरपाई द्यावी, असे हे कलम सांगते. पाच कोटी रुपयांपर्यंतचे दावे ऐकण्याचा अधिकार राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांना, म्हणजे निवाडा अधिकाऱ्यांना देण्यात आला.

मंत्रालयातील या मार्गाचा उपयोग झाल्याचे उदाहरणही आहे. पुण्यातील एका उद्योगाच्या पंजाब नॅशनल बँकेतील खात्यातून सुमारे ८० लाख रुपये परस्पर वळवण्यात आले होते. खातेदार फसव्या ई-मेलला बळी पडला होता, हे खरे. तरीही भामट्यांची खाती उघडताना पुरेशी दक्षता घेतली नसल्याबद्दल बँकेने ४५ लाख रुपये द्यावेत, असा आदेश २०१३ मध्ये महाराष्ट्राच्या निवाडा अधिकाऱ्यांनी दिला. चूक दोघांची, म्हणून भार दोघांवर, असा हा सरळ न्याय होता.

दोष कोणाचा?

कंपन्यांचा नेहमीचा बचाव असा, की आम्हीच हल्ल्याचे बळी आहोत. अमेरिकेतील एक्विफॅक्स प्रकरणाने हा बचाव किती तकलादू असू शकतो, ते दाखवून दिले. ग्राहकांची पतविषयक माहिती जमवणाऱ्या या कंपनीच्या संगणकप्रणालीतील एका त्रुटीवर मार्च २०१७ मध्येच उपाय उपलब्ध झाला होता. तो सर्वत्र योजला गेला नाही. मे महिन्यात शिरलेले चोर जुलैअखेरपर्यंत माहिती उपसत राहिले आणि जनतेला हे सप्टेंबरमध्ये समजले. तोवर सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली होती. यांतील बहुतेकांनी कंपनीला स्वतः होऊन कधी काही दिलेच नव्हते! २०१९ च्या तडजोडीत कंपनीने किमान ५७ कोटी ५० लाख डॉलर मोजण्याचे मान्य केले. त्यातील मोठा वाटा ग्राहकांच्या भरपाईसाठी होता.

दुसरा बचाव म्हणजे कंत्राटदाराकडे बोट दाखवणे. एअर इंडियाच्या सुमारे ४५ लाख प्रवाशांची माहिती फुटल्याचे मे २०२१ मध्ये जाहीर झाले. त्यात नावे, जन्मतारखा आणि पारपत्रांचा तपशील होता. हल्ला झाला होता तो ‘सीता’ या सेवा पुरवठादार कंपनीच्या यंत्रणेवर. पण प्रवाशाने तिकीट घेतले ते विमान कंपनीकडून. सीताचे नावही बहुतेकांनी ऐकले नसेल.

नवा कायदा काय देतो, काय घेतो?

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ही पळवाट बंद केली आहे. काम कंत्राटदाराला दिले, तरी जबाबदारी मूळ कंपनीचीच राहते. सुरक्षेत कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत, तर माहिती फुटल्याचे न कळवल्यास २०० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. बाधित ग्राहकाला विनाविलंब कळवण्याचे बंधन हीदेखील मोठी सुधारणा होय.

तथापि, हा दंड जमा होतो तो सरकारच्या संचित निधीत. ज्याची माहिती चोरीला गेली, त्याला त्यातून एक रुपयाही मिळण्याची तरतूद नाही. शिवाय याच कायद्याने ‘४३ अ’ कलम वगळले आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये निघालेल्या अधिसूचनेनुसार हा बदल अठरा महिन्यांनी अमलात यायचा आहे. युरोपीय संघाच्या २०१८ पासून लागू असलेल्या नियमांत जबर दंड आणि पीडिताचा भरपाईचा हक्क एकत्र नांदतात, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

‘४३ अ’ निर्दोष नव्हते. हयगय आणि नुकसान दोन्ही सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर होता आणि या मार्गाची माहितीही फार थोड्यांना होती. पण दार अरुंद आहे म्हणून ते रुंद करायचे की भिंत बांधून बुजवायचे?

ग्राहकापुढे अन्य पर्याय अगदीच नाहीत असे नाही. विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती बेकायदा इतरांना देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. मात्र माहिती ‘देणे’ आणि ती ‘चोरीला जाणे’ यांतील फरकावर कंपन्यांचे वकील बोट ठेवतील, हे उघड आहे. त्यामुळे माहिती फुटल्याचे कळवणारे पत्र, ई-मेल आणि त्यानंतर झालेल्या नुकसानीचे पुरावे ग्राहकाने जपून ठेवलेले बरे.

दंडाच्या भीतीने कंपन्या कदाचित सावध होतील. परंतु ज्याचे नुकसान झाले, त्याच्या पदरात काही पडत नसेल, तर त्या कायद्याला ग्राहकाचे संरक्षण म्हणणे अवघड आहे.