कोळंबी म्हणजे मासा नव्हे

तुर्भ्याला कोळंबी म्हटली की डोळ्यांपुढे येते ती बाजारातल्या टोपलीतली, कालवणाची. काचेच्या टाकीत पाळायची लाल, पिवळी, निळी चेरी श्रिंप तिचीच नातलग, पण जेमतेम इंचभर लांब, गोड्या पाण्यातली, मूळची तैवान-चीनकडची. ‘फार नाजूक, आपल्याकडे जगत नाही’ असं तिच्याबद्दल सर्रास बोललं जातं. खरं तर १८ ते २८ अंश तापमानात ती मजेत राहते. एप्रिल-मेमध्ये पाण्यावर छोट्या पंख्याचा वारा सोडला की दोन-तीन अंश उतरतात.

मग मरते का? आपण तिला छोटा मासा समजतो म्हणून. ती कवचधारी, किड्यांच्या नात्यातली. किड्याला मारतं ते तिलाही मारतं. खाडीकाठच्या डासांसाठी लावलेल्या मशीनमधलं औषध बहुधा पायरेथ्रॉइड गटातलं असतं, आणि मासे त्यातून वाचले तरी श्रिंप वाचेलच असं नाही. एपीएमसी बाजारातून आणलेल्या पालकावर फवारणी झालेली असेल, तर तो उकडून घातला तरी धोका राहतोच. त्यापेक्षा फूटपाथवरच्या देशी बदामाचं गळलेलं, वाळलेलं पान स्वच्छ धुऊन टाका. त्यावर चढणारा बुळबुळीत थर हेच तिचं आवडतं खाणं.

तांब्याच्या कळशीतलं पाणी आपल्याला चांगलं, म्हणून टाकीत ओतणारेही आहेत. गंमत अशी की श्रिंपच्या रक्तातच तांबं असतं. पण पाण्यात विरघळलेलं जास्तीचं तांबं तिला विष. माशांच्या कित्येक औषधांतही ते असतं, तेव्हा बाटलीवरचं लेबल वाचल्याशिवाय थेंबही टाकू नका.

‘आरओचं पाणी सगळ्यात शुद्ध’ हेही अर्धवटच. कवच घडवायला कॅल्शियम, मॅग्नेशियम लागतं, आणि आरओ नेमकं तेच काढून घेतं. नुसत्या आरओवर ठेवलेल्या श्रिंपची कात अडकते आणि ती दगावते. उडून गेलेल्या पाण्याची भर घालायला मात्र आरओच बरं, कारण पाणी उडतं, क्षार मागेच राहतात. टाकीत पारदर्शक, पोकळ कवच दिसलं तर रडू नका, ती कात आहे. काढूही नका, ती स्वतःच खाते. मेलेली श्रिंप शिजवलेल्या कोळंबीसारखी अपारदर्शक, गुलाबीसर दिसते.

पैदाशीला खारं पाणी लागतं, हा समज अमानो या दुसऱ्या पाळीव श्रिंपमुळे पसरला. तिच्या अळ्यांना खरोखरच मचूळ किंवा खारं पाणी लागतं. चेरीचं तसं नाही. मादी वीस-तीस अंडी पोटाखाली महिनाभर वागवते, आणि त्यातून थेट आईसारखीच दिसणारी, मिलिमीटर-दोन मिलिमीटरची पिल्लं निघतात. ती फिल्टरमध्ये ओढली जातात, म्हणून स्पंजचा फिल्टर हवा. दोन-तीन महिन्यांत तीच पिल्लं वयात येतात.

लाल, निळी, पिवळी एकत्र ठेवली की नवे रंग मिळतात, अशी अनेकांची कल्पना. हे सगळे रंग एकाच जातीचे, माणसाने निवडून निवडून पक्के केलेले. मिसळले की काही पिढ्यांत बहुतेक पिल्लं मूळच्या मळकट तपकिरी रंगावर जातात. एका टाकीत एकच रंग ठेवा.

आणि संख्या वाढली म्हणून जवळच्या तलावात सोडू नका. जर्मनी, पोलंड, जपान, हवाई इथल्या गोड्या पाण्यात या परक्या श्रिंपने आधीच बस्तान बसवलं आहे. जास्तीच्या श्रिंप शेजारच्या टाकीत द्या.