एका ‘ने’मागे किती शब्द?

सोपी इंग्रजी : लेखांक ९

मागील लेखांकात इंग्रजी काळांची ओळख झाली. या आठवड्यात इन, ऑन, ॲट, बाय, विथ, सिन्स, फॉर. आकाराने एवढेसे, पण काळांपेक्षा चिवट. काळांचे नियम निदान पाठ तरी करता येतात. या शब्दांपाशी चांगले पदवीधरही अडखळतात.

‘चाकूने आंबा कापला’, ‘रमेश बसने आला’, ‘म्हातारा तापाने गेला’. मराठीत तिन्ही ठिकाणी एकच ‘ने’. इंग्रजीत मात्र चाकूला ‘विथ’ लागतं, बसला ‘बाय’ आणि तापाला ‘ऑफ’. आणि ‘रामाने आंबा कापला’ म्हटलं, तर रामाला काहीच लागत नाही. इंग्रजी वाक्याचा कर्मणी प्रयोग केला तरच ‘बाय’ येतं. ‘ने म्हणजे बाय’ असं घोकलेला विद्यार्थी पहिल्याच वाक्यात फसतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो. त्याला शिकवलंच तसं गेलेलं असतं.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही विभक्तीचे प्रत्यय होते. पुढे शब्दांची टोकं झिजली, प्रत्यय गळले आणि त्यांचं बरंचसं काम या सुट्या शब्दांवर येऊन पडलं. त्या उलथापालथीत शब्दांचे अर्थही सरकले. ‘विथ’चा जुना अर्थ होता ‘विरुद्ध’. ‘सोबत’ या अर्थाचा ‘मिड’ हा वेगळा शब्द होता. तो मागे पडला आणि त्याची जागा ‘विथ’ने घेतली. ‘फाइट विथ’ आणि ‘विथस्टँड’मध्ये तो जुना विरोध अजून शिल्लक आहे. असा इतिहास असलेल्या शब्दाला मराठीतला एकच जोडीदार मिळणं शक्यच नाही.

मग धरायचं काय? इंग्रजी बोलणाऱ्याला ती जागा कशी दिसते, ते धरावं.

कर्जतचं उदाहरण घेऊ. मुंबईहून पुण्याला जाणारी गाडी ‘ॲट कर्जत’ थांबते, कारण प्रवासाच्या रेषेवर कर्जत हा एक बिंदू आहे. (घाट चढण्यासाठी मागून जादा इंजिनं जोडतात, म्हणून अनेक गाड्यांना तिथे थांबावंच लागतं.) पण तिथे राहणारी मुलगी ‘इन कर्जत’ राहते, तिच्यासाठी ते घरं-गल्ल्यांचं गाव आहे, ती त्याच्या आत आहे. गाव तेच, पाहण्याची तऱ्हा बदलली. झाडाचंही तसंच. मराठीत पोपट झाडावर बसतो. इंग्रजीत तो ‘इन द ट्री’, कारण तो फांद्यापानांच्या आत आहे. आंबे मात्र ‘ऑन द ट्री’, कारण ते झाडाला लागलेले आहेत.

वेळेलाही हीच नजर लागू पडते. पाच वाजता हा बिंदू, म्हणून ‘ॲट’. सोमवार किंवा तारीख असली की ‘ऑन’. महिना आणि वर्ष ऐसपैस, म्हणून ‘इन’. सकाळी ‘इन द मॉर्निंग’, पण सोमवारी सकाळी ‘ऑन मंडे मॉर्निंग’. रात्रीला ‘ॲट नाइट’ म्हणतात, ते सरळ पाठ करावं.

‘पासून’ने होणारी चूक तर रोज कानावर पडते. ‘दोन वर्षांपासून’ म्हणताना तोंडात ‘सिन्स टू इयर्स’ येतं. सिन्सला सुरुवातीचा क्षण हवा : सिन्स मंडे, सिन्स २०१९. मधला कालावधी सांगायचा तर ‘फॉर टू इयर्स’.

कधी कधी शब्द न घालणं हेच बरोबर असतं. ‘विषयावर चर्चा’, ‘तिच्याशी लग्न’ यांतले ‘वर’ आणि ‘शी’ इंग्रजीत नेले, की ‘डिस्कस अबाउट’ आणि ‘मॅरी विथ’ तयार होतात. ही दोन्ही क्रियापदं थेट कर्म घेतात. मात्र ‘मॅरिड’ हे विशेषण झालं की ‘टू’ हवं.

इंग्रजांचं आणि अमेरिकनांचंही यात सगळीकडे जुळत नाही. शनिवार-रविवारसाठी ब्रिटनमध्ये ‘ॲट द वीकेंड’ म्हणतात, अमेरिकेत ‘ऑन द वीकेंड’. म्हणून एक काहीतरी ठरवून त्यालाच धरून राहावं.

नवा शब्द वहीत उतरवताना तो एकटा लिहू नये. ‘गुड’ नव्हे, ‘गुड ॲट मॅथ्स’. ‘अफ्रेड’ नव्हे, ‘अफ्रेड ऑफ डॉग्ज’. पुढच्या लेखांकात क्रियापदाला चिकटून त्याचा अर्थच बदलणारे ‘अप’ आणि ‘आउट’ पाहू. तोवर इंग्रजी वर्तमानपत्रातली एक छोटी बातमी घ्या, तिच्यातल्या प्रत्येक ‘इन’, ‘ऑन’ आणि ‘ॲट’खाली रेघ मारा आणि तिथे तोच शब्द का आला असेल, ते शेजारी मराठीत लिहा.