ढगात मिठाचे कण किती असावेत?

मीरा-भाईंदर म्हटले की जुन्या मुंबईकरांना मिठागरे आठवतात. खाडीचे पाणी वाफ्यांत घ्यायचे, उन्हाने आटू द्यायचे आणि खाली उरलेले मीठ ओढायचे. पण या मिठागरांच्या डोक्यावरूनही मीठच जात असते, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. समुद्रावर लाटा फुटतात, फेसाचे बुडबुडे फुटतात, तुषार वाऱ्यात सुकतात आणि डोळ्यांना न दिसणारे क्षारकण उरतात. मोसमी वारा ते घेऊन किनाऱ्यावर येतो. ढगाचे बी ते हेच.

हवेत नुसती वाफ असून भागत नाही. कणाचा आधार नसेल, तर आर्द्रता शंभर टक्क्यांच्या कितीतरी पट झाल्याशिवाय थेंब धरत नाही. मीठ मात्र ओलावा ओढते. पावसाळ्यात बरणीतले मीठ पाझरते ना, तसेच. मग शंभराच्या वर एखादा टक्काही पुरतो. स्वीडनच्या हिल्डिंग कोलर यांनी १९३६ सालच्या निबंधात या हिशेबाची मांडणी केली.

हा वरचा टक्का पुरवते ती वर चढणारी हवा. उन्हाने तापून किंवा सह्याद्रीला अडून हवा चढते, थंड होते आणि तिच्यातली वाफ सुटू लागते.

आता एखादी पंगत डोळ्यांपुढे आणा. पाने थोडी आणि वाढपी चपळ असतील, तर प्रत्येक पान भरते. किती पाने भरली हे पाने किती मांडली यावर ठरते. पाने भरमसाट आणि वाढपी मंद असतील, तर सारे वाढप्यांवर अवलंबून. कण म्हणजे पाने, चढती हवा म्हणजे वाढपी. ढगांचे गणित संगणकावर मांडणाऱ्यांना या दोन्ही परिस्थिती वेगळ्या धराव्या लागतात.

त्यात शहरांचा धूर. तो पानांची संख्या वाढवतो. तेवढेच पाणी अधिक थेंबांत वाटले जाते, थेंब बारीक राहतात आणि एकमेकांत सहज मिसळत नाहीत. पावसाचा एक थेंब व्हायला ढगातले सुमारे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. म्हणून धुरकट हवेत उथळ ढग न बरसताच विरू शकतो.

हा प्रश्न दुष्काळी भागात जिव्हाळ्याचा होतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने १९७३ ते १९८६ या काळात बारामती परिसरात अकरा पावसाळे विमानातून ढगांत मिठाची पूड टाकून पाहिली. सरासरी २४ टक्के वाढ आढळली. पण ही वाढ पाणीदार आणि किलोमीटरहून जाड ढगांची होती. पातळ ढग उलट विरण्याकडे झुकले. २०१८-१९ मध्ये सोलापूरला याच संस्थेने पुन्हा प्रयोग केले, तेव्हाही बीज पेरण्याआधी ढगाची पारख करावी लागली.

कृत्रिम पावसाची घोषणा झाली की विमान कधी उडणार, हे आपण विचारतो. त्याआधी विचारायचे ते असे, की आभाळात पेरण्याजोगा ढग आहे का आणि खालून हवा चढते आहे का? शेतकरी वाफसा पाहूनच तिफण धरतो. सरकारी खर्चालाही तोच नियम लागू व्हावा.