मोडीत न गेलेलं पितळ

लेकीच्या लग्नात स्टीलची नवी भांडी घ्यायची म्हणून आजीच्या वेळची समई, गडवे, पानाचा डबा मोडीत घालणारी घरं आमच्या तिरोडीत काही कमी नाहीत. गाव मॅंगनीजच्या खाणीचं, पण घरातलं जुनं पितळ बहुतेक भंडाऱ्याकडचं. मोडवाला ते काट्यावर टाकतो आणि वजनाचा भाव देतो. नक्षीचे पैसे कुणी मागत नाही आणि तो देतही नाही. नेमक्या त्या नक्षीसाठी एका माणसाने सगळं आयुष्य आणि बरीचशी मिळकत घालवली. पुण्यात बाजीराव रस्त्याजवळ त्याचं संग्रहालय उभं आहे: राजा दिनकर केळकर संग्रहालय.

नावावरून एखाद्या संस्थानिकाचा संग्रह वाटेल. पण राजा म्हणजे दिनकर गंगाधर केळकरांचा मुलगा, लहानपणीच गेलेला. केळकर (१८९६–१९९०) ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. पोटापाण्याला चष्म्यांचं दुकान होतं. १९२० च्या सुमारास त्यांनी वस्तू जमवायला सुरुवात केली. काळही असा, की सरदार घराण्यांना उतरती कळा लागलेली, वाटण्या होत होत्या, वाडे पडत होते, माळ्यावरचं सामान मिळेल त्या किमतीला बाहेर पडत होतं. केळकर खेडोपाडी हिंडले, महाराष्ट्राबाहेरही गेले. घरात कमलाबाईंची साथ नसती तर हा नाद चार वर्षंही टिकला नसता. १९६० पर्यंत वस्तू पंधरा हजारांच्या घरात गेल्या होत्या. पुढे हा सगळा संसार त्यांनी महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला.

तलवारी आणि तैलचित्रं कोणीही जमवतो. केळकरांचं डोकं वेगळं चाललं: त्यांनी अडकित्ते जमवले. एकाच कामाची ही दोन पात्यांची वस्तू, वरच्या पात्याला धार, खाली सुपारी टेकायला जागा. पण ओतकाऱ्याने मुठींचे पोपट केले, घोडे केले, कुठे एकमेकांना बिलगलेलं जोडपं केलं. अडकित्ता मिटला की जोडपं जवळ येतं. सुपारी कातरणाऱ्या माणसाला दिवसातून दहादा गंमत वाटावी, एवढाच त्यामागचा हिशेब. शेजारी वज्र्या आहेत. टाच घासायची वस्तू, म्हणजे बूड खरखरीत हवं, बस्स. तरी वर मोर बसलेला, आणि काहींच्या पोटात खडे, घासताना वाजणारे! न्हाणीघरात, कुणी बघायला नसताना. दौती, करंडे, फण्या, लामणदिवे, वाद्यं, कोरीव दारं यांतही हेच. घडवणाऱ्याचं नाव एकावरही नाही.

गर्दी मात्र मस्तानी महालापाशी होते. बाजीरावाने कोथरूडला बांधलेल्या महालाचे अवशेष आणून केळकरांनी तो इथे पुन्हा उभा केला. दालन देखणं आहे, झुंबरं आहेत, गोष्ट तर सगळ्यांच्या ओळखीची. मला विचाराल तर संग्रहाचा जीव तिथे नाही. पेशव्यांची आठवण ठेवायला पुण्यात पुष्कळ जण आहेत. टाच घासणाऱ्या बाईची आठवण ठेवणारे केळकर एकटे.

आज संग्रहात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत आणि मांडलेल्या जेमतेम अडीच हजार. बाकीच्या कोठारात. जागेची अडचण जुनी आहे. बावधनला मोठी वास्तू उभारायची योजना कितीतरी वर्षं बोलली जाते. तोवर जुन्या वास्तूत जिने चढत-उतरत बघायचं.

आपल्याकडून जाणाऱ्यांनी तुमसर रोडला उतरून महाराष्ट्र एक्स्प्रेस धरावी. गोंदियाहून निघून ती पुण्यावरूनच कोल्हापूरला जाते. हाताशी वेळ थोडा असेल तर महाल धावता बघितला तरी चालेल. अडकित्त्यांपुढे मात्र अर्धा तास काढा, आणि सोबत घरातलं एखादं म्हातारं माणूस न्या. कुठल्या वस्तूचं काय करत, हे पाटीपेक्षा ते जास्त नीट सांगेल.