मिरजेच्या तंबोऱ्यातील जवारी

सांगली जिल्ह्यातील मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. पूर्वी शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार कुटुंबांनी एकोणिसाव्या शतकात हा व्यवसाय स्वीकारला. पंढरपूर परिसरात वाद्यांसाठीच पिकविला जाणारा जाड सालीचा भोपळा वाळवून तंबोऱ्याला जोडतात. दांडी तूण वृक्षाच्या लाकडाची असते.

परंतु खरे कौशल्य जवारी काढण्यात आहे. गिटारची तार एका अरुंद कडेवर टेकते. तंबोऱ्याची घोडी मात्र रुंद व किंचित बाकदार असते. कारागीर ती कानशीने अशी घासतो, की कंप पावणारी तार तिला हलकेच स्पर्श करीत राहावी. तारेखाली सुताचा धागा नेमक्या जागी सरकविला, की मूळ स्वरासमवेत त्याचे उपस्वर उमलून येतात. गंधारात एकही तार लावलेली नसताना खर्जाच्या तारेतून ऐकू येणारा स्वयंभू गंधार हा त्याचाच प्रत्यय. वादनाने घोडी झिजते. मग जवारी पुन्हा काढावी लागते.

रियाजासाठी आता अनेकजण इलेक्ट्रॉनिक तंबोरा वापरतात. मानांकनामुळे मिरजेचे नाव बाहेरच्या वाद्यांना लावता येणार नाही, हे खरे. जवारी ओळखणारा कान मात्र जुन्या कारागिराजवळ वर्षानुवर्षे बसूनच तयार होतो. त्यासाठी नव्या पिढीतील किती मुले पुढे येतील, हा मिरजेपुढील प्रश्न आहे.