घर विकावें तें केव्हां?

धान्य केव्हां भरावें, सोनें केव्हां मोडावें, याविषयींचें शहाणपण आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलें असतें. परंतु राहतें घर केव्हां विकावें याविषयीं तें आढळत नाहीं. याचें कारण उघड आहे. घर विकण्याचा प्रसंग पूर्वीं क्वचित् येई, आणि आलाच तर कर्जापायीं किंवा भाऊबंदकीपायीं येई. तेव्हां वेळ निवडण्याची मुभाच नसे. आतां स्थिति पालटली आहे. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांचीं मुलें नागपूर, पुणें, हैदराबाद येथें किंवा परदेशीं स्थिरावलीं आहेत. मागें राहतो तो कवेलूचा मोठा वाडा, त्यांत दोन वृद्ध माणसें, आणि वर्षांतून एकदां महालक्ष्म्यांच्या दिवशीं पंगतीला न पुरणारी ओसरी. अशा घरांतून हल्लीं एकच प्रश्न ऐकूं येतो : विकावयाचें ठरलें आहे, मग दसऱ्यापर्यंत थांबावें काय?

इंग्लंड-अमेरिकेंत घरविक्रीचा मुख्य हंगाम वसंत ऋतूंत येतो, आणि सुटी संपून शाळा उघडल्या म्हणजे सप्टेंबरांत दुसरा, थोडा लहान हंगाम येतो. तिकडील सल्ला वाचून आपल्याकडीलहि तरुण मंडळी 'सप्टेंबरांत घर बाजारांत आणा' असें वडिलांस लिहूं लागलीं आहेत. सल्ला वाईट नाहीं. पण तो तेथल्या ऋतूंचा आहे. विदर्भांतील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणून मुलाबाळांसह बिऱ्हाड हलविणारीं माणसें मे महिन्यांत हलतात. आणि ब्रह्मपुरी-चंद्रपुराकडे त्या दिवसांत पारा ४७ अंशांच्या आसपास असतो. त्या उन्हांत मनुष्य भाड्याची जागा धरतो. आयुष्यभराची कमाई घालून घ्यावयाचें घर सावकाश हिंडून पाहत नाहीं. पुढें चार महिने पाऊस. तेव्हां खरा बाजार उघडतो तो आश्विनांतच, हें आमच्या वडिलांचें म्हणणें बरोबर आहे. मात्र आश्विन हा इंग्रजी महिन्याशीं बांधलेला नाहीं. २०२३ सालीं दसरा २४ ऑक्टोबरला आला आणि २०२५ सालीं २ ऑक्टोबरला. तारखेवर बेत आंखणाऱ्याचा तीन आठवड्यांचा हिशेब येथेंच चुकतो.

या हिशेबांतील मोठी अडचण म्हणजे पितृपक्ष. त्या पंधरवड्यांत सौदा करूं नये असा आपल्यांत संकेत आहे, आणि २०२० सालीं तो संकेत पुष्कळांना महाग पडला असावा असें आम्हांस वाटतें. त्या वर्षीं शासनानें मुद्रांक शुल्कांत १ सप्टेंबरपासून ३१ डिसेंबरपर्यंत तीन टक्क्यांची, व तेथून ३१ मार्च २०२१ पर्यंत दोन टक्क्यांची सूट दिली होती. १ सप्टेंबर हा नेमका अनंतचतुर्दशीचा दिवस. लगेच पितृपक्ष; तो १७ सप्टेंबरला संपतो न संपतो तोंच अधिक आश्विन, तो १६ ऑक्टोबरपर्यंत; आणि दसरा २५ ऑक्टोबरला. म्हणजे ज्यांनीं पंचांग कांटेकोर पाळलें त्यांच्या हातून चार महिन्यांच्या मोठ्या सवलतींतील पहिले सहा आठवडे तसेच गेले. घर विकणें हें कांहीं मंगलकार्य नव्हे, मंगलकार्य घेणाऱ्याचें. आणि घेणाऱ्यांतहि पितृपक्ष सर्वांनाच आड येतो असें नाहीं. चंद्रपुरांत बौद्ध, मुसलमान व ख्रिस्ती गिऱ्हाईक थोडें नाहीं; त्याला घर त्या पंधरवड्यांत दाखविण्यास कोणतीच हरकत नसावी. मुहूर्ताचा मान राखावयाचाच असेल तर तो इसारपत्राला राखावा, घर दाखविण्याला नको.

आश्विनांत पैसा खेळतो तो कोठून, हेंहि पाहिलें पाहिजे. चंद्रपूर, बल्लारपूर, माजरी, वणी या क्षेत्रांतील वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कामगारांना दुर्गापूजेच्या आधीं कोल इंडियाकडून वर्षाचें एकरकमी बक्षीस मिळतें. २०२३ सालीं तें माणशीं ८५,००० रुपये होतें, २०२४ सालीं ९३,७५० रुपये. एवढ्यानें घर येत नाहीं, पण इसार येतो. आणि इसार देऊन बसलेला मनुष्य कर्जाच्या मागें लागतो. त्याची बँक तीस वर्षांचे दस्त तपासून पाहते आणि घराचें मूल्यमापन करिते. त्यांत कित्येक आठवडे जातात. म्हणजे दसऱ्याचा इसार व मार्गशीर्षाचें खरेदीखत, अशी या बाजाराची साधारण चाल समजावी. ऑक्टोबरच्या १५ व १६ तारखांना मात्र शहरांत कोणास घर पाहण्यास बोलावूं नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १६ ऑक्टोबर १९५६ रोजीं चंद्रपुरास जी धम्मदीक्षा दिली तिच्या स्मरणार्थ त्या दोन दिवसांत दीक्षाभूमीवर मोठा समुदाय लोटतो. गर्दींतून वाट काढीत आलेलें गिऱ्हाईक घर धड पाहत नाहीं.

घर विकण्याआधीं भिंतींना रंग देऊन ओल झांकण्याची जी रीत आहे ती आम्हांस पसंत नाहीं, आणि या भागांत ती उपयोगाचीहि नाहीं. पाऊस नुकताच संपलेला असतांना येथील शहाणें गिऱ्हाईक घर पाहण्यास येतें तें मुळीं ओल पाहण्याकरितांच. जुलै २०२२ मध्यें इरई नदीचें पाणी चंद्रपुरांतील सखल वस्त्यांत शिरलें होतें, हें सर्वांच्या ध्यानांत आहे. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें घुग्घुस येथील आमराई वॉर्डांत जुन्या भूमिगत खाणीवरील एक घर पाहतां पाहतां जमिनींत गडप झालें. तेव्हांपासून निळी पूररेषा कोठून जाते आणि खालीं खाण आहे काय, हे दोन प्रश्न गिऱ्हाईक बसल्या बैठकीस विचारतें. ज्याचें घर उंचावर व कोरडें आहे त्यानें तें आश्विनांतच दाखवावें. चैत्रांत सगळींच घरें कोरडीं असतात, मग त्याच्या घराचें विशेष तें काय राहिलें? गळक्या घराच्या मालकानें मात्र कवेलू फेरून, गळतीची जागा स्वतः दाखवून, तेवढी किंमत कमी सांगावी. घासाघीस त्यानें लवकर संपते.

जुन्या शहरांतील वाड्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा व अंचलेश्वर या दरवाजांना जोडणारा गोंड राजांचा परकोट हें केंद्राचें संरक्षित स्मारक आहे, आणि २०१० च्या दुरुस्तीप्रमाणें अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवें बांधकाम करतां येत नाहीं, त्यापुढील २०० मीटरांत परवानगी घ्यावी लागते. वाडा पाडून इमारत उठविण्याच्या हिशेबानें कोणी मोठी रक्कम बोलूं लागला तर परकोटापर्यंतचें अंतर आधीं मोजून घ्यावें. नाहीं तर हें अंतर त्याला इसारानंतर कळतें, आणि दसरा-दिवाळीचे दिवस इसार परत करण्याच्या वादांत निघून जातात.

परंतु ऋतु, मुहूर्त आणि बोनस या तिहींहून मोठी अडचण घरांतच असते. असें समजा कीं वाडा आजोबांच्या नांवावर आहे. त्यांचे दोन मुलगे हयात आहेत, एक वारले. एक मुलगी हैदराबादेस, एक नातू कॅनडांत. दसऱ्याच्या दिवशीं चांगलें गिऱ्हाईक आलें, किंमतहि जुळली. आणि तेव्हां कळलें कीं आखीव पत्रिकेवर अजून आजोबांचेंच नांव आहे, वारसांची नोंद झालेलीच नाहीं. गिऱ्हाईक पंधरा दिवस थांबतें, मग दुसरें घर पाहतें. पौषांत कोणी फिरकत नाहीं, आणि जें घर आश्विनांत तोऱ्यांत विकतां आलें असतें तें फाल्गुनांत पडत्या भावानें द्यावें लागतें. बाजार चुकला असें सर्व म्हणतात. बाजार चुकलेला नसतो.

यांत मुलींचा प्रश्न सर्वांत नाजुक आहे, आणि आमच्या वाचकांच्या घरांतून तो सर्वांत उशिरां उच्चारला जातो. ९ सप्टेंबर २००५ पासून एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलगी जन्मानेंच मुलाबरोबरीची वांटेकरी आहे. आणि त्या दिवशीं वडील हयात असलेच पाहिजेत असें नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० च्या निकालांत स्पष्ट केलें आहे. 'ताई कांहीं मागणार नाहीं' हें वाक्य दुय्यम निबंधकाच्या कचेरींत चालत नाहीं. ताईनें मागावें कीं सोडावें हें ताईनें ठरवावयाचें. सोडलें तर हक्कसोडपत्र नोंदवावयाचें, न सोडलें तर खरेदीखतावर तिची सही व रकमेंत तिचा वांटा. ही गोष्ट खरेदीखताच्या आदल्या रात्रीं काढली कीं बहिणीला ती अपमानासारखी लागते, आणि तिचें तें लागणें योग्यच आहे. ती काढण्याचा काल म्हणजे भाद्रपद. विदर्भांत महालक्ष्म्यांना सारे भाऊ, सुना, लेकी एकत्र येतात. तिसऱ्या दिवशीं विसर्जन झाल्यावर, गाड्या धरण्याच्या आधीं, सर्वांनीं बसून किंमत, वांटे आणि आई-वडिलांनीं पुढें कोणाकडे, किंवा कोणाकडेच न जातां कोठें राहावयाचें, हें बोलून घ्यावें. त्या बैठकींत आई-वडिलांनाहि बोलूं द्यावें. परदेशच्या नातवाचें मुखत्यारपत्र भारतीय वकिलातींतून करून आणावें लागतें व येथें पोंचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. तेंहि काम त्याच दिवशीं सुरू करावें. पितृपक्षाचे पंधरा दिवस कागदांना पुरत नाहींत, पण त्यांची सुरुवात होते. जागा नझुलाची असेल तर भाडेपट्ट्याची मुदत व परवानगी यांकरितां वर्षभर आधींच अर्ज केलेला बरा.

वृद्धांचे हाल होऊं नयेत म्हणून इसारपत्रांतच ताब्याची तारीख लिहून घ्यावी. खरेदीखत मार्गशीर्षांत झालें तरी ताबा अक्षय्यतृतीयेला देण्याचें ठरवितां येतें. घेणारा बिऱ्हाड तसेंहि उन्हाळ्यांतच हलविणार असतो.

आश्विनांतील विक्रीचा आणखी एक फायदा आहे, तो प्राप्तिकराचा. घर विकून झालेल्या नफ्यांतून दोन वर्षांत दुसरें राहतें घर घेतलें किंवा तीन वर्षांत बांधलें तर त्या भागावर कर लागत नाहीं. मात्र विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपर्यंत, म्हणजे साधारणतः ३१ जुलैपर्यंत, जी रक्कम गुंतली नाहीं ती बँकेंतील भांडवली नफ्याच्या खास खात्यांत ठेवावी लागते. आश्विनांत विकणाऱ्यास नवें घर शोधण्यास तोंपर्यंत नऊ महिने मिळतात. मार्चांत विकणाऱ्यास चार. नव्या घराचा निर्णय चार महिन्यांत उरकणारे वडील भाऊ आम्हीं पाहिले आहेत, आणि त्या घरांत सुखानें राहणाऱ्या वहिनी मात्र फारशा पाहिल्या नाहींत.

हें सारें चंद्रपूर शहर व कोळशाचा टापू यांपुरतें झालें. वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोली, आरमोरी, वडशाकडे दसऱ्याला पैसा नसतो. तेथील घेणारा शिक्षक किंवा सरकारी नोकर असला तर गोष्ट वेगळी. एरव्हीं त्याची मिळकत धानावर. हलकें धान आश्विनांत निघूं लागतें, भारी धान कार्तिक-मार्गशीर्षांत. मग मळणी, खरेदी केंद्र, आणि चुकारा त्यानंतर. दिवाळीनंतर गांवोगांव मंडई भरते, झाडीपट्टीचीं नाटकें लागतात, सोयरेधायरे पाहुणे येतात. घराची बातमी पसरते ती त्या दिवसांत. जागेच्या कागदांत मागें कोठें आदिवासी खातेदाराचें नांव आहे काय, हें तेथें आवर्जून पाहावें, कारण ती जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवांचून बिगर-आदिवासीस देतां येत नाहीं. आणि दसऱ्याला दाखविलेल्या घराला कार्तिकापर्यंत गिऱ्हाईक आलें नाहीं तर घाबरून किंमत उतरवूं नये. धान अजून खळ्यावर असतें.